पाऊस आमचा, गारा देवाच्या

घाटनांदूरला गेले की माझे थोरले भाऊ, अण्णा, अजूनही दुकानातल्या गिऱ्हाइकाला माझी ओळख करून देतात. "ही आमची शैला. पुण्याला हवामानात होती." गिऱ्हाईक हातातली पिशवी खाली ठेवून विचारतं, "मंग ताई, पाऊस कधी?"

पाऊस कधी पडणार हे सांगणं माझं काम नव्हतं, असं मी सांगते.

"मंग तुमी करत काय व्हता?"

"ढगात बर्फ कसा तयार होतो ते संगणकावर बघत होते."

गिऱ्हाईक अण्णांच्या तोंडाकडे बघतं. अण्णा तराजूवरून नजर न काढता म्हणतात, "तीस वर्षं पगार देत व्हते तिला याचा."

या अंकाच्या संपादकांनी मला नोकरीतल्या गमतीदार आठवणी लिहायला सांगितलं. गमतीदार म्हणाव्यात अशा दोन आहेत, त्या आधी उरकते. तिसरी गमतीची नाही. तिच्यासाठीच मी लिहायला हो म्हटलं.

आधी कामाबद्दल. शून्य अंशाला पाणी गोठतं असं आपण शाळेत शिकतो. ढगात तसं होत नाही. ढगातला थेंब इतका बारीक आणि इतका स्वच्छ असतो की शून्याच्या खाली दहा-पंधरा अंश गेला तरी तो पाणीच राहतो. त्याला गोठायला काहीतरी निमित्त लागतं. दुधाला जसं विरजण लागतं तसा मातीचा एखादा कण लागतो, आणि तोही सगळ्याच जातीचा चालत नाही. एक थेंब गोठला की तो आजूबाजूची वाफ ओढून घेतो, वाढतो, जड होतो आणि खाली येता येता वितळतो. आपल्याकडे उन्हाळी ढगातून अंगावर जो टपोरा थेंब पडतो तो पुष्कळदा वर असताना बर्फ होता. विमानातून ढगात जाळून सोडतात ती चांदीच्या क्षाराची पूड म्हणजे हेच विरजण, बाहेरून आणलेलं.

आमची संस्था ढग पकडून आणू शकत नव्हती. म्हणून आम्ही तो संगणकात बनवायचो. ढगाचे लहान लहान चौकोनी तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्यात वाफ किती, पाणी किती, बर्फ किती, हवा वर चढतेय की खाली उतरतेय, हे दर दोन सेकंदांनी नव्याने मांडायचं. खऱ्या ढगाचं आयुष्य तासाभराचं. तो संगणकात जगवायला आम्हाला चार दिवस लागायचे.

आता पहिली गंमत. माझ्या संगणकातल्या ढगात बर्फ फार कमी व्हायचा. विमानातून काढलेल्या फोटोंमध्ये त्याच्या हजारपट दिसायचा. ढगात विरजणाचे कण मोजके, मग एवढा बर्फ येतो कुठून? उत्तर जगात इतरांनी आधी शोधलेलं होतं. पडत्या बर्फाच्या गोळीवर पाण्याचे थेंब आपटून गोठताना त्यातून बारीक किरचा उडतात. प्रत्येक किरच म्हणजे नवा बर्फ, आणि तो पुन्हा नव्या किरचा उडवतो. हे मी माझ्या गणितात बसवलं आणि संध्याकाळी संगणक चालू करून घरी गेले. चौथ्या दिवशी सकाळी बघते तर अख्खा ढग दगडासारखा गोठलेला. एका ओळीत एक शून्य जास्त पडलं होतं. आमच्या प्रमुखांनी तो छापून फळ्यावर डकवला आणि खाली लिहिलं, "शैलाबाईंचा हिमालय." तो कागद दोन वर्षं तिथंच होता.

दुसरी गंमत एका साखर कारखान्याच्या संचालकांची. हे गृहस्थ एकदा गाडी करून थेट पुण्याला आले. मी त्यांना पडद्यावर ढग दाखवला. खालून वर वाढणारा, डोकं फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, एक काम करा. हा आमच्या तालुक्यावर चालवून बघा. पाऊस पडला की तसाच खाली सोडा." मी हसले. ते हसले नाहीत. जाताना नाराज होऊन गेले, आणि सरकारी माणसं काम करत नाहीत असं खाली गेटवर सांगून गेले.

झाल्या दोन्ही.

सलग कोरडी वर्षं गेल्यावर मराठवाड्यात विमानाने पाऊस पाडण्याचा एक प्रकल्प निघाला. विमान दुसऱ्यांचं, पैसा सरकारचा, आणि शास्त्रीय बाजू बघायला आमची संस्था. ढग बघायचं रडार आष्टीच्या पुढे एका माळावर बसवायचं ठरलं. तो माळ म्हस्कूभाऊंचा होता.

म्हस्कूभाऊ धनगर. पन्नाशीचे, उंच, बोलताना समोरच्याकडे न बघता आभाळाकडे बघणारे. आई लहानपणीच गेली. चुलतीने, कोंडाबाईने, स्वतःच्या मुलाबरोबर त्यांना वाढवलं. तो चुलतभाऊ सुदाम. दोघांची मेंढरं वेगळी होती पण वाडे शेजारी शेजारी. माळ दिला म्हणून म्हस्कूभाऊंना रडारवर राखणदार म्हणून घेतलं. विमान येणार, पाऊस पाडणार, हे गावाला पटवून दिलं ते त्यांनीच. एरवी रडारची गाडी गावाने माळावर चढू दिली नसती.

मी महिन्यातून एकदा तिथे जायची. एकदा दुपारी आम्ही दोघं रडारच्या सावलीत बसलो होतो. समोर बालाघाटाच्या अंगाला ढग उभा राहत होता. म्हस्कूभाऊ म्हणाले, "आजून न्हाई पडायचा."

"कशावरून?"

"डोकं बघा की. कसं कडक हाय, फुलवराच्या गड्ड्यागत. कापूस पिंजल्यागत झालं की समजायचं, आता सुटला."

मी मान वर करून ढगाकडे बघितलं. कडक डोकं म्हणजे पाणी. पिंजलेलं डोकं म्हणजे बर्फ. ढगाच्या माथ्यावर बर्फ झाला की त्याची कड विस्कटते, हे मी पुस्तकातून शिकले होते, आणि नेमका तोच क्षण संगणकात पकडण्यात माझी उमेदीची वर्षं गेली होती. मी त्यांना किरचांची गोष्ट सांगितली. त्यांनी मन लावून ऐकली.

"म्हंजे एकाला एक लावून देतंय व्हय," ते म्हणाले. "मेंढरावानी."

नोकरीभर मी ती गोष्ट शंभर जणांना सांगितली असेल. इतक्या झटकन कोणाला कळली नाही.

प्रकल्पाचं दुसरं वर्ष. मृगाच्या आधी, उन्हाळी ढगांवरही प्रयोग करू म्हणून विमान मे महिन्यातच आणलं. त्या दिवशी दुपारी आष्टीकडची वीज गेली, जनरेटरही चालू होईना, रडार बंद पडलं. विमान धावपट्टीवर तयार. तिथल्या कार्यालयातून माळावर फोन आला, ढग आहे का काही? म्हस्कूभाऊंनी घेतला. माळावर रेंज कमी, म्हणून ओरडून बोलायची सवय. खाली मेंढरं चारणाऱ्यांनीही ऐकलं.

"हाय की! खालतीकडं, नगरच्या अंगाला. लई मोठा उभा राहिलाय. या लवकर!"

विमान आलं. ढगाला वळसा घालून पूड जाळून गेलं. गावाने ते डोळ्यांनी पाहिलं. तास-दीड तासाने तोच ढग गावावर आला आणि गारा पडल्या. लिंबाएवढ्या, काही त्याहून मोठ्या. वीस मिनिटं. सुदामची मेंढरं उघड्या उतारावर होती, आडोसा नव्हता. साठच्या वर मेली. कोंडाबाई कोकरं गोळा करायला धावली. डोक्याला मार बसला. दोन दिवस नगरच्या दवाखान्यात होती, तिसऱ्या दिवशी गेली.

मला म्हस्कूभाऊंचाच फोन आला. "मॅडम, लई वाईट झालं," एवढंच म्हणाले. पुढचं त्यांच्या बायकोने, ठकूबाईने सांगितलं.

पुढच्या आठवड्यात गावाने रडारच्या गाडीची काच फोडली. आमची माणसं सामान गुंडाळून निघून आली. म्हस्कूभाऊ कुठे जाणार? विमान त्यांनीच बोलावलं हे सगळ्यांनी कानांनी ऐकलं होतं. भावकीने बोलणं टाकलं. सुदामने तर कोंडाबाईच्या दहाव्यालाही त्यांना येऊ दिलं नाही.

सरकारने आमच्या संस्थेला विचारलं: गारा विमानामुळे पडल्या का? ते काम माझ्याकडे आलं. प्रश्न मी आयुष्यभर सोडवत होते तोच होता, आणि साधन माझं होतं. त्या दिवसाची हवा संगणकात घातली आणि ढग वाढवला. एकदा पूड घालून, एकदा न घालता. सुरुवातीची हवा किंचित बदलून हेच पुन्हा पुन्हा केलं, म्हणजे एखादं उत्तर योगायोगाने आलेलं नसावं. दीड महिना दुसरं काही केलं नाही.

उत्तर स्वच्छ होतं. पूड घाला, नका घालू, गारा त्याच. त्या ढगात हवा इतक्या जोराने वर चढत होती आणि किरचांमुळे त्याने स्वतःचा बर्फ आधीच इतका केला होता की आमच्या पुडीला तिथे कामच उरलं नव्हतं. विज्ञानात शंभर टक्के कोणी बोलत नाही. पण म्हस्कूभाऊंनी तो फोन उचलला नसता तरी कोंडाबाई वाचली नसती, इतकं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत होते.

याच उत्तराला दुसरी बाजू होती. गारा तेवढ्याच, तसा पाऊसही तेवढाच. मग आदल्या पावसाळ्यातले ढगही मी तपासले. तिथेही तेच. आमच्या भागातल्या त्या ढगांना विरजणाची कमतरता नव्हतीच. विमानाने पाऊस वाढला असं म्हणायला माझ्याकडे काहीही नव्हतं. आणि सरकारने तर वर्षभर सांगितलं होतं की वाढला.

अहवाल घेऊन मी आणि आमचे प्रमुख बैठकीला गेलो. समोर एक वरिष्ठ अधिकारी. गारांचं पान वाचून त्यांचा चेहरा उजळला.

"उत्तम! म्हणजे आपला संबंध नाही."

"पुढचं पान वाचा," मी म्हटलं.

त्यांनी वाचलं. चष्मा काढला. "मॅडम, गारांचं राहू द्या. पावसाचं काढा."

"साहेब, गणित एकच आहे. एक खरं तर दुसरंही खरं."

"मग असं कसं चालेल? पाऊस पडला तो आपल्यामुळे, हे आपण सांगितलंय."

"आणि गारा?"

"गारा नैसर्गिक." ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून जरा हसले. "पाऊस आमचा, गारा देवाच्या. लोकांना एवढं पुरतं."

मी पान काढायला नकार दिला. हे मी जरा अभिमानाने लिहितेय, कारण पुढे अभिमानाचं काही नाही. त्यांनी वाद घातला नाही. अहवालावर 'गोपनीय' असा शिक्का मारला. दोन्ही पानं राहिली आणि दोन्ही कुणालाच दिसणार नव्हती.

परत येताना गाडीत प्रमुख म्हणाले, "शैला, प्रकल्पाच्या पुढच्या टप्प्यात आपल्याला नवा संगणक आहे. चार दिवसांचं काम चार तासांत होईल. वीस वर्षं मागतोय आपण. तू फक्त बाहेर बोलू नकोस. खोटं बोल असं कोणी म्हणत नाहीये."

खरंच, कोणी म्हणत नव्हतं.

ऑगस्टमध्ये गेटवरून फोन आला की तुमच्या गावाकडची माणसं आलीत. म्हस्कूभाऊ आणि ठकूबाई. पहाटेच्या एसटीने आले होते. मी त्यांना कँटीनमध्ये नेलं. चहा मागवला. त्यांनी कपाला हात लावला नाही. प्रथमच ते आभाळाकडे न बघता माझ्याकडे बघत होते.

"मॅडम, एक कागद द्या. काय असंल ते लिवून द्या. गावात वाचून दावतो."

"म्हस्कूभाऊ, अहवाल सरकारकडे आहे. तो गोपनीय आहे. मला देता येत नाही."

ठकूबाई म्हणाली, "बाई, दोन वळी लिवा नुसत्या. सुदामभाऊजी आमच्या हातचं पाणी घेत न्हाईत."

"सरकार जाहीर करेल तेव्हा..."

म्हस्कूभाऊंनी हात वर केला. "कागद राहू द्या. कशापायी अडचणीत आनायचं तुमाला? मला नुसतं तोंडी सांगा. मी कुनाला बोलनार न्हाई. त्या दिशी मी विमान बोलावलं. त्याच्यानं झालं का न्हाई?"

कँटीनमध्ये आमच्या विभागाची तीन माणसं बसली होती. प्रमुखांचे सहायक पाठमोरे होते, पण ऐकत होते. 'नाही.' एवढा एकच शब्द म्हणायचा होता. मी म्हटलं, "त्यावर मला काही बोलता येणार नाही."

ते उठले, हात जोडले. "बरं. समजलं," म्हणाले. ठकूबाईला म्हणाले, "चल."

मला वाटलं, नाराज होऊन गेले. पुढच्या खेपेला भेटून सांगू. पुढची खेप आलीच नाही. नवा संगणक आला. माझे लेख छापून आले, बढती मिळाली. तो गारांचा ढग, गावाचं नाव न देता, परदेशातल्या एका परिषदेत मी दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रकल्प पुढे आपोआप बंद पडला. कुणी कुणाला जाब विचारला नाही. तो शिक्काही तसाच राहिला.

गेल्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात मला कोणीतरी 'सचोटीची शास्त्रज्ञ' म्हणालं. त्यानंतर पंधरा दिवसांत मी आष्टीला गेले. अण्णा बरोबर आले. माळावर रडारचा सिमेंटचा ओटा तेवढा होता. म्हस्कूभाऊ गाव सोडून गेवराईकडे गेल्याचं कळलं. सुदाम भेटले नाहीत, भेटायला तयार नव्हते.

गेवराईच्या पुढे, गोदावरीच्या अलीकडच्या एका पडीक रानात ते सापडले. वाकले होते. मेंढरं दीडशेक असतील. मी म्हटलं, "बरं झालं, मेंढरं राखलीत."

"माझी न्हाईत. लोकाची हायेत. मी राखतो नुसती."

अण्णांनी विचारलं, "आन तुमची?"

"सुदामला दिली. समदी."

झाडाखाली बसलो. ठकूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्याचं त्यांनी सांगितलं. मी वाटभर जे घोकत आले होते ते बोलून टाकलं. गारा विमानामुळे पडल्या नाहीत. तुमच्या फोनमुळे काही झालं नाही. तो ढग तसाही पडणारच होता. मला हे तेव्हाच, तुम्ही पुण्याला आलात तेव्हाच, पक्कं माहीत होतं.

त्यांनी बाजूची काठी जवळ ओढली. मग म्हणाले, "तवा ठाव व्हतं?"

"हो."

"मी तर गावाला म्हनत व्हतो, विमानानं गारा पडत न्हाईत बे, येड्यानो. भांडत व्हतो. मॅडमला इचारून येतो म्हनून गेलतो पुण्याला." ते काठीने माती उकरत होते. "तुमी बोलला न्हाई. मी म्हनलं, बाई चांगली हाय. न्हाई असतं तर लगेच न्हाई म्हनली असती. व्हय म्हनायला जीभ वळंना तिची, म्हनून गप बसली. एसटीतच ठरलं माझं. घरी गेलो आन सुदामच्या पायावर डोकं ठिवलं. म्हनलं, बाबा, तुझी आई मीच मारली. पंचासमोर म्हनलो. मेंढरं त्याच्या वाड्यात हाकलली आन गाव सोडलं."

अण्णा दुसरीकडे बघत होते.

"ठकी म्हनायची, तुमी न्हाई मारलं. मरंस्तवर म्हनत व्हती. मी तिला गप करायचो. म्हनायचो, मॅडमपेक्षा तुला जास्ती कळतं का?"

मी म्हटलं की आता लिहून देते. गावात येते, पंचांपुढे उभी राहते, सुदामला सांगते. अजून काय काय म्हटलं ते आठवत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

"नगं," ते म्हणाले. "सुदामनं मला माफ केलंय. पोराच्या लग्नाला बोलावलं व्हतं औंदा. आता त्याला काय सांगू, मी मारलंच न्हाई म्हनून? तो म्हनंल, मंग तवा कशापायी म्हनला?"

उतारावरची मेंढरं दुसऱ्याच्या बांधाकडे सरकत होती. ते काठी टेकून उठले, दोन पावलं गेले आणि वळले.

"मॅडम, तवा न्हाई बोलला, ते समजलं मला. नोकरी असती मानसाला," ते म्हणाले. "पर मंग आता कशापायी सांगितलं?"

ते उत्तरासाठी थांबले होते. मेंढरं बांधावर चढली, तेव्हा त्यांना जावं लागलं.